नव्या पिकअपची खरी किंमत

वऱ्हाडांतील माणूस बाजाराला नवखा नाहीं. कापूस चिमटींत धरून त्याचा धागा किती लांब निघेल याचा अंदाज तो बांधतो. तुरीचा दाणा दातांखालीं धरून तो किती वाळला आहे हें सांगतो. बैलाचें तोंड उघडून आधीं दांत पाहतो आणि मगच किंमतीची गोष्ट काढतो. परंतु कापसाचे पैसे हातीं आल्यावर मुलासाठीं एक पिकअप घ्यावी या विचारानें हाच माणूस अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या शोरूमची पायरी चढतो, तेव्हां त्याची जीभ जड होते. गार हवेची खोली, गुळगुळीत फरशी, पुढें आलेला चहा, आणि नंतर एका चिठ्ठीवर लिहून दिलेला एकच आंकडा. “काका, सगळं मिळून एवढे पडतील. पासिंग, विमा, सगळं आलं त्यात. तुम्हाला काही पाहायचं कामच नाही.”

हें शेवटचें वाक्य मोठें गोड असतें, आणि बहुधा तेंच सर्वांत महाग पडतें. गाडीची किंमत, सरकारचा कर, विमा कंपनीचा हप्ता आणि विक्रेत्यानें वर चढविलेली रक्कम या चार निरनिराळ्या गोष्टी त्या एका आंकड्यांत मिसळून गेलेल्या असतात. पहिल्या तीन न्याय्य आहेत. चौथी न्याय्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास ती आधीं दिसली पाहिजे. आणि ती दिसूं नये म्हणूनच पुष्कळदां ही बेरीज मोघम ठेवलेली असते.

लहान मालवाहू गाडी ही आज वऱ्हाडांत चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. २००५ सालीं टाटांची ‘एस’ बाजारांत आली आणि लोकांनीं तिला ‘छोटा हत्ती’ असें नांव दिलें, तेव्हांपासून गांवोगांवच्या वाहतुकीचें रूप पालटत गेलें. वरुड-मोर्शीकडील संत्रीं, अंजनगांव-सुर्जीकडील केळीं, अकोल्याच्या डाळ-गिरण्यांकडे जाणारी तूर, शहरांतील किराणा, लग्नघरचें सामान, दुधाचे कॅन हीं सारीं या लहान गाड्यांवर फिरतात. एका गाडीवर एका तरुणाचा संसार उभा राहतो. आणि तीच गाडी फाजील किंमतीला गळ्यांत पडली, तर तो संसार पहिल्या दिवसापासून कर्जाच्या हप्त्याखालीं वाकतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या प्रश्नाशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. परंतु शहरांतील दुकानदार आणि लहान उद्योजक याच गाड्या घेतात. शिवाय ज्या घरांतून गांवाकडे जाणें-येणें आहे, त्या घरीं कधींना कधीं मामाचा मुलगा किंवा चुलतभाऊ येऊन बसतो आणि म्हणतो, “दादा, गाडी घ्यायची आहे, जरा कागद पाहून देता का?” तो कागद कसा पाहावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

मोघम बेरजेची ही युक्ति वऱ्हाडाला नवी नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा यांवरून नागपुरास पोंचला. कापसामागून व्यापारी आले, व्यापाऱ्यांमागून दलाल आले. देशांतील अनेक बाजारांप्रमाणें येथेंहि शेतकऱ्याच्या पट्टींतून अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा नांवांनीं रकमा वजा होत. रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरविण्याची हत्त्याची चाल तर प्रसिद्धच आहे. ज्याचा माल विकला जात असे, त्याला भाव कळे तो सर्वांत शेवटीं. त्याच्या हातावर एक रक्कम पडे, आणि ती कशी आली हें विचारण्याची सोय नसे.

यावर उपाय निघाला तोहि वऱ्हाडांतच. आज वाशीम जिल्ह्यांत असलेल्या कारंजा येथें १८८६ सालीं जो कापूस बाजार नियमाखालीं आणण्यांत आला, तो हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढें १८९७ मध्यें वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारासाठीं समिती आली, दलाल व मापारी यांना परवाने आले. त्या समित्यांत व्यापाऱ्यांचें वजन अधिक होतें आणि गाऱ्हाणीं संपलीं नाहींत, हें खरें. तथापि एक तत्त्व मान्य झालें: जी रक्कम घ्यावयाची ती उघड नांवानें व ठरलेल्या दरानेंच घेतली पाहिजे. व्यापाऱ्याचा नफा या तत्त्वानें नाहींसा झाला नाहीं. नाहींसा झाला तो त्याचा आडोसा.

गाडी घेणाऱ्यानेंहि हेंच तत्त्व हातीं धरावयाचें आहे. फरक इतकाच कीं, कापसाच्या बाजारांत तो विकणारा असतो आणि शोरूममध्यें घेणारा; तेथें त्याच्या पैशांतून वजा होतें, येथें त्याच्या किंमतींत भर पडते.

वरचे पैसे दोन वाटांनीं येतात. पहिली वाट टंचाईची. स्वातंत्र्यानंतरच्या काळांत मोटारी व स्कूटरी मागणीच्या मानानें फारच थोड्या निघत. १९६० सालीं सरकारला स्कूटरींच्या वांटपासाठीं नियंत्रणाचा खास हुकूम काढावा लागला. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणें हा त्या काळच्या मध्यमवर्गाच्या आयुष्याचा एक भागच होऊन बसला होता. ज्याचा नंबर लागे तो गाडी घेऊन ती छापील किंमतीहून अधिक पैशांना दुसऱ्यास देई. या वरच्या पैशांना बाजारांत ‘ऑन’ म्हणत. पुढें कारखाने वाढले आणि तो ‘ऑन’ मावळला. परंतु २०२१ च्या सुमारास मोटारींत लागणाऱ्या सूक्ष्म विद्युत्-चकत्यांची जगभर टंचाई झाली, तेव्हां हिंदुस्थानांत पुन्हां कित्येक महिन्यांच्या रांगा लागल्या. अमेरिकेंत तर अनेक विक्रेते कारखान्यानें सुचविलेल्या किंमतीवर उघडपणें हजारो डॉलर चढवून मागूं लागले.

दुसरी वाट किरकोळ कलमांची. गाडी भरपूर उपलब्ध असली तरी ही वाट बंद होत नाहीं, उलट तेव्हांच ती अधिक वाहते. गाडीच्या किंमतींत सूट दिल्याचें समाधान ग्राहकाला द्यावयाचें आणि ती सूट विमा, साजसामान, ‘हँडलिंग’ अशा नांवांनीं परत वसूल करावयाची, असा हा हिशेब असतो.

येथें एक प्रश्न साहजिक उद्भवतो. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, मग दहा लाखांच्या गाडीवर कां नसावी? याचें कारण असें कीं, कमाल किंमत छापण्याचा नियम पुड्यांत बांधून विकल्या जाणाऱ्या मालासाठीं आहे, आणि गाडी कांहीं पुड्यांत येत नाहीं. अमेरिकेनें या बाबतींत १९५८ सालीं कायदा केला. सिनेटर मोनरोनी यांच्या पुढाकारानें झालेल्या त्या कायद्याप्रमाणें नव्या मोटारीच्या कांचेवर कारखान्यानें सुचविलेली किंमत, जादा सामानाची किंमत आणि वाहतुकीचा आकार हीं वेगवेगळीं लिहिलेलीं असावीं लागतात. त्या कायद्यानें विक्रेत्याला अधिक पैसे मागण्याची बंदी झाली नाहीं, परंतु तो किती अधिक मागतो हें ग्राहकाला कांचेवरच दिसूं लागलें. आपल्याकडे असा चिकटवलेला कागद नाहीं; म्हणून तो मागून घ्यावा लागतो.

तो कागद म्हणजे कलमवार कोटेशन. त्यांत काय असावें, हें एका उदाहरणानें पाहूं. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतलेले आहेत. समजा, दर्यापुराकडील एका कुटुंबाला १०,६०,००० रुपये असा मोघम आंकडा सांगण्यांत आला. त्याची फोड मागितल्यावर निघालें तें असें: गाडीची शोरूम-किंमत ८,८५,००० रुपये, राज्याचा कर व नोंदणी मिळून ६५,०००, विमा ४५,०००. ही बेरीज ९,९५,००० होते. उरलेले ६५,००० रुपये साजसामान, हँडलिंग आणि ‘इतर’ या तीन कलमांत वांटलेले होते. सौदा व्हावयाचा तो या ६५,००० रुपयांचा. आणि फोड मागितली नसती, तर त्यांचें अस्तित्वहि कळलें नसतें.

आतां एकेक कलम पाहावें. शोरूम-किंमतींत वस्तु व सेवा कर असतो आणि विक्रेत्याचें कमिशनहि असतें. विक्रेता धर्मादाय करण्यास बसलेला नाहीं. जागेचें भाडें, नोकरांचे पगार, उभ्या मालावरचें व्याज हें सारें त्याला भागवावयाचें असतें, आणि त्यासाठींच हें कमिशन आहे. म्हणूनच गाडी उतरवून घेणें, धुणें, पुसणें, दाखविणें यासाठीं पुन्हां ‘हँडलिंग’ म्हणून रक्कम मागणें म्हणजे एकाच कामाची मजुरी दोनदां घेणें होय. हँडलिंग हा सरकारचा कर नव्हे, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. जुन्या बाजारांतील हमालीचाच हा नवा अवतार आहे.

राज्याच्या कराच्या बाबतींत महाराष्ट्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पांत एक बदल जाहीर झाला: ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांना किंमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. हा कर आणि नोंदणीची फी सरकारी पावतीवर येतात. अमरावतीला एम.एच. २७ आणि अकोल्याला एम.एच. ३० हे क्रमांक देणाऱ्या कचेरींत जेवढी रक्कम भरली, तेवढीच पावती दाखवील. ‘पासिंगचे’ म्हणून घेतलेले पैसे आणि पावतीवरचे पैसे यांत अंतर असेल, तर तें अंतर कोणाचें, हें विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. ज्या मालवाहू गाडीचें मालासकट एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक नाहीं, तिला मोटार वाहन कायद्याप्रमाणें परमिट लागत नाहीं. तरीहि ‘परमिट’ असें कलम यादींत दिसलें, तर तेथें पेन्सिलीची खूण करावी. नंबरपाटीचेंहि तसेंच. १ एप्रिल २०१९ पासून निघालेल्या गाड्यांना उच्च-सुरक्षा पाटी गाडीबरोबरच पुरविण्याची जबाबदारी कारखान्यावर आहे.

विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलचा सक्तीचा विमा सर्व कंपन्यांकडे एकाच ठरलेल्या दरानें मिळतो. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठीं २०२२ च्या अधिसूचनेंत हा दर वर्षाला १६,०४९ रुपये होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनीगणिक बदलतो. विमा आपल्यामार्फतच घ्यावा अशी सक्ती विक्रेत्याला करतां येत नाहीं. विमा नियामकानें नोव्हेंबर २०१७ पासून लागू केलेल्या नियमांत हें स्पष्ट आहे. बाहेरच्या एका कंपनीचा लेखी दर खिशांत घेऊन गेलेल्या माणसाला शोरूममधील विम्याचा आंकडा आपोआप उतरलेला दिसल्यास नवल नाहीं.

गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली, तर तिच्यावर १ टक्का आयकर गोळा केला जातो. हा खर्च नव्हे. तो ग्राहकाच्या नांवावर आगाऊ भरलेला कर आहे आणि विवरणपत्र भरून तो वळता किंवा परत घेतां येतो. तसेंच ज्या दुकानदाराची वस्तु व सेवा कराखालीं नोंदणी आहे, त्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट नियमानुसार मिळूं शकते. अर्थात् त्यासाठीं बिल दुकानाच्या नांवानें व क्रमांकानें असलें पाहिजे.

कराचा आणखी एक धडा २०२५ सालीं मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ७,५०,००० रुपये असलेली गाडी पूर्वीं ९,६०,००० ला पडत असे, ती ८,८५,००० ला पडूं लागली. म्हणजे ७५,००० रुपयांचा फरक झाला. अशा वेळीं ग्राहक कर कमी झाल्याच्या आनंदांत असतो, आणि विक्रेता पूर्वींची सूट हळूच काढून घेऊं शकतो. बिलावर कर बरोबर १८ टक्के दिसतो, आणि तरीहि सरकारनें सोडलेल्या पैशाचा कांहीं भाग वाटेंतच जिरलेला असतो. म्हणून कर किती उतरला एवढेंच पाहून भागत नाहीं. कराशिवायची किंमत पूर्वीं काय होती आणि आतां काय आहे, हें पाहावें लागतें.

वरच्या पैशांचें खरें ओझें कळतें तें कर्जांत. वर सांगितलेले ६५,००० रुपये रोख द्यावे लागले असते, तर कोणीहि दहा वेळां विचार केला असता. परंतु ते कर्जांत मिसळले कीं दिसत नाहींत. ११ टक्के व्याजानें पांच वर्षांत ते फेडावयाचे म्हटले, तर महिन्याला सुमारें १,४१३ रुपये होतात आणि शेवटीं जवळजवळ ८५,००० रुपये भरले जातात. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ज्या तीन कलमांकडे कोणी नीट पाहिलें नाहीं, त्यांच्यापायीं साडेदहा क्विंटल कापूस गेला. कोरडवाहू रानांत एवढा कापूस किती एकरांतून निघतो आणि त्याच्या वेचणीला किती हात लागतात, हें वऱ्हाडांतील कोणत्याहि घरीं निराळें सांगावें लागत नाहीं.

कर्जाचा दर सांगतांनाहि एक शब्द ऐकूं येतो: ‘फ्लॅट’. ७ टक्के फ्लॅट म्हणजे पांच वर्षें पूर्ण मुद्दलावर ७ टक्के, जरी मुद्दल दरमहा फिटत असलें तरी. उरलेल्या मुद्दलावर मोजलें, तर तोच दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना व लहान उद्योगांना मुदतीचें कर्ज देतांना सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर एका स्वतंत्र तक्त्यांत लिहून द्यावा लागतो. सही करण्यापूर्वीं तो तक्ता मागून घ्यावा, आणि आपल्या गांवच्या बँकेचा दर त्याच्या शेजारीं मांडून पाहावा.

आतां प्रत्यक्ष सौद्याची गोष्ट. पहिला नियम असा कीं, कलमवार कोटेशन हातीं येईपर्यंत एक रुपयाहि विसार देऊं नये. दुसरा नियम असा कीं, दोन ठिकाणचीं कोटेशनें घ्यावीं. अमरावती व अकोला यांच्यामधील ज्या महामार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत घालून जागतिक विक्रम झाला, त्या रस्त्यानें एका शहरांतून दुसऱ्या शहरांत एका सकाळीं जाऊन येतां येतें. गाडी अकोल्यास घेतली म्हणून अमरावतीकराला नोंदणीची अडचण येण्याचें कारण नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें राज्यांतील कोणत्याहि नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मोकळीक कायद्यांत आलेली आहे. एका दिवसाचा प्रवास आणि थोडें डिझेल एवढ्या खर्चांत दुसऱ्या विक्रेत्याचा भाव कळतो. आणि पहिल्या विक्रेत्याशीं बोलतांना त्या कागदाइतकें वजन दुसऱ्या कशालाहि येत नाहीं.

तिसरा नियम बोलण्याचा. घासाघीस म्हणजे भांडण नव्हे. गाडीचें सर्व्हिसिंग त्याच दारीं करावयाचें असतें. तेव्हां संबंध तुटूं न देतां प्रश्न विचारावेत. बरोबर गेलेल्या शिकलेल्या पुतण्यानें शांतपणें विचारावें, “साहेब, हे हँडलिंग कशाचं?” उत्तर येईल, “ते सगळ्यांनाच लागतं, दादा.” त्यावर इतकेंच म्हणावें, “मग ते बिलावर तसंच लिहून द्याल ना?” जी रक्कम योग्य आहे ती लिहून देण्यास कोणीहि कचरत नाहीं. जी लिहून द्यावयास संकोच वाटतो, ती बहुधा सोडून देतां येण्यासारखी असते. साजसामानाचेंहि असेंच करावें. आसनांचीं कव्हरें, ताडपत्री, मागील लोखंडी जाळी यांपैकीं जें खरोखर हवें तें सांगावें. बाकीचें बाहेर काय भावानें मिळतें तें आधींच पाहून ठेवलेलें असावें.

चौथा नियम धीराचा. महिनाअखेरीस आणि वर्षअखेरीस विक्रेत्याला आपला ठराविक आंकडा गांठावयाचा असतो, त्या वेळीं सौदा सैल होण्याचा संभव अधिक. मात्र वर्ष पालटल्यावर पूर्वींच्या वर्षीं बनलेली गाडी नव्या भावानें गळ्यांत पडत नाहीं ना, हें चासी क्रमांकावरून व कारखान्याच्या कागदांवरून तपासून घ्यावें. गाडीची खरोखरच टंचाई असेल, तर हिशेब निराळा होतो. आंबिया बहाराचीं संत्रीं तोडणीला आलीं आहेत आणि दोन महिने गाडी मिळत नाहीं, असा प्रसंग असेल, तर भाड्याच्या गाडीचा दोन महिन्यांचा खर्च एका बाजूस मांडावा आणि मागितलेला ‘ऑन’ दुसऱ्या बाजूस. कधीं थोडे अधिक देऊन गाडी लवकर घेणेंच शहाणपणाचें ठरेल. परंतु तो निर्णय हिशेबानें झालेला असावा. मुहूर्त चुकेल, शेजाऱ्याची गाडी आधीं येईल, या भयानें झालेला नसावा.

पांचवा नियम पावतीचा. पैसे विक्रेत्याच्या संस्थेच्या खात्यांत भरावे, कोणा माणसाच्या खात्यांत नव्हे. विसार परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. जेवढे पैसे दिले तेवढ्यांचीं बिलें झालीं पाहिजेत. पुढें कांहीं वाद झालाच, तर कागदाशिवाय केलेल्या तोंडी बोलण्याला कोणी विचारणार नाहीं.

वाद झाल्यास दाद कोठें मागावी? अनेकांची अशी समजूत असते कीं, धंद्यासाठीं गाडी घेतलेल्या माणसाला ग्राहक न्यायालय उभें करीत नाहीं. ही समजूत अर्धीच खरी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें व्यापारी हेतूनें घेतलेल्या वस्तु वगळल्या आहेत. परंतु जो मनुष्य केवळ स्वतःच्या श्रमानें उपजीविका करण्यासाठीं वस्तु घेऊन वापरतो, त्याला ग्राहकच मानलें आहे. स्वतः पिकअप चालवून पोट भरणारा तरुण या व्याख्येंत बसूं शकतो. एक वस्तु हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणें हा त्याच कायद्यानें निर्बंधक व्यापार-प्रकार ठरविला आहे. तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें, म्हणजे अमरावतीकराला अमरावतींत व अकोलेकराला अकोल्यांत, करतां येते. २०२१ च्या नियमांप्रमाणें दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाला अधिकार आहे. त्या आधीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर गाऱ्हाणें नोंदवावें. पुष्कळ प्रकरणें आपसांत मिटण्यासारखीं असतात.

हें सर्व वाचावयास जड वाटेल, परंतु काम अर्ध्या दिवसाचें आहे. गांवाकडचा माणूस शेतांत, भावांत, पावसांत ठकत नाहीं. तो ठकतो तो छापील कागदापुढें, कारण त्या कागदापुढें प्रश्न विचारणें त्याला अडाणीपणाचें वाटतें. शहरांत शिकून स्थिरावलेल्या आप्तानें त्याच्यासाठीं फार मोठें कांहीं करावयाचें नाहीं. एका रविवारीं त्याच्या शेजारीं बसून यादींतील प्रत्येक ओळीवर बोट ठेवावें आणि विचारावें, हे पैसे सरकारला, विमा कंपनीला, कारखान्याला, कीं आणखी कोणाला? ज्या ओळीला उत्तर मिळेल ती राहूं द्यावी आणि जिला मिळणार नाहीं ती खोडावी. बैलाचे दांत पाहिल्यावांचून दावें हातीं न घेणाऱ्या माणसाला ही रीत नव्यानें शिकवावी लागणार नाहीं.